पोटॅशियम: एका केळ्याने भागत नाही

गोंडपिपरीकडे दिवसभर बांधीत वाकून रोवणी केली, की रात्री पायात गोळे येतात आणि कोणीतरी सांगतेच, ‘पोटॅशियम कमी झालं, केळं खा.’ सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. घामातून पोटॅशियमपेक्षा मीठ कितीतरी जास्त जाते, आणि गोळे नुसत्या थकव्यानेही येतात. मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ३० ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातूनही जवळपास तेवढेच मिळते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला ३५०० मिलिग्रॅम हवे. नुसत्या केळ्यांवर भागवायचे तर रोज आठ-नऊ लागतील! आपल्याकडे खरी अडचण भाताची आहे. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात जेमतेम १०० मिलिग्रॅम निघते. भाताचा ढीग आणि कडेला पाण्यासारखे वरण, अशा ताटात हा आकडा गाठता येत नाही. वरण घट्ट हवे, सोबत पोपटाच्या शेंगा, कोचई, बटाटा, पालेभाजी हवी. भाजी उकडून पाणी ओतून दिले, तर त्यातले बरेचसे पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जाते. वास्त्यांचे पाणी मात्र फेकलेच पाहिजे, कारण कोवळ्या बांबूतले विषारी द्रव्य त्यात उतरते.

लहानथोर सगळ्यांना सारखेच लागते, हेही खरे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१९ मध्ये ठरवलेले प्रमाण असे: पहिले सहा महिने ४०० मिलिग्रॅम, जे आईच्या दुधातून मिळते, एक ते तीन वर्षे २०००, चार ते आठ वर्षे २३००, प्रौढ पुरुष ३४००, स्त्री २६००, गर्भवती २९००, स्तनदा माता २८००. हे आकडे निरोगी माणसे प्रत्यक्ष किती खातात यावरून काढलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी किमान ३५१० सांगितले ते रक्तदाब आणि पक्षाघात डोळ्यांसमोर ठेवून, म्हणून हिशेब वेगळा दिसतो.

लेकराला हगवण लागली की मीठ-साखरेचे पाणी पुरते, असे अनेक घरांत मानतात. पण हगवणीत पोटॅशियमही भराभर जाते आणि त्या पाण्यात ते नसतेच. ओआरएसच्या एका लिटरमध्ये दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. म्हणून घरात पुडी ठेवाच.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे ‘जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं.’ मूत्रपिंड धड असेल तरच ते निघते. मूत्रपिंड थकलेल्या, किंवा रक्तदाबासाठी रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात ते साचते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच असते. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असे मीठ सुचवले, तेव्हा मुले, गर्भवती आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना त्यातून वगळले. आजीसाठी ते पाकीट आणायचे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या.