परदेशातल्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं, तर आधी काय करायचं?



ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत प्रदर्शनात स्टॉल लावला, की एखादं गिऱ्हाईक आपलं वारली चित्र हातात धरून म्हणतं, "ताई, हे परदेशात न्यायला पाहिजे." बहुतेक वेळा ते कौतुकाचं बोलणं असतं. पण कधी खरंच पत्र येतं, मोबाइलवर निरोप येतो. घरात आनंद होतो, गटात चर्चा होते आणि लगेच प्रश्न येतो, "तिकिटासाठी गटातून कर्ज काढू का?"

आमचं सांगणं एवढंच: खर्च कोणाचा आणि परत कधी यायचं, हे कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही बाहेर काढू नका. ते कागदावर आलं, की मग घाबरूही नका.

ही वाट आपल्याकडे नवी नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची कला १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोचली. तेव्हा डहाणू आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण लग्नाचा चौक लिहायचा मान मुळात सवासिनींचा. चौक बायांनी लिहिला आणि विमानात बहुतेक पुरुष बसले. आता बाईला बोलावणं आलं, तर कागदांच्या भीतीने तिने मागे राहू नये.

१. आधी पत्र तपासा

बोलावणाऱ्या संस्थेचं नाव, पत्ता, प्रदर्शनाच्या तारखा आणि जागा पत्रात हव्यात. पत्रावरचाच नंबर लावून खात्री करू नका. त्या संस्थेचा नंबर दुसरीकडून शोधा आणि विचारा. गटातल्या शिकलेल्या मुलीला सोबत बसवा. "तुमची निवड झाली, आजच नोंदणी फी भरा" असं कोणी घाई करत असेल, तर तिथेच थांबा.

मग हे प्रश्न लेखी विचारा: विमानाचं तिकीट कोण काढणार? राहणं, जेवण, व्हिसाची फी, विमा कोणाकडे? चित्र विकलं गेलं तर मला किती आणि कधी मिळणार? न विकलेली चित्रं परत कोण पाठवणार? फोनवरचं "सगळं आम्ही बघू" हे उत्तर धरायचं नाही. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र, म्हणजे पहचान कार्ड, नसेल तर काढून ठेवा. परदेशातल्या मेळाव्यांसाठी मदतीच्या योजना त्याच कार्यालयाकडे असतात.

२. पासपोर्ट आजच काढायला घ्या

बोलावणं येण्याची वाट बघू नका. अर्ज सरकारी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरायचा, वेळ घ्यायची आणि केंद्रावर स्वतः जायचं. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये. मोठ्या माणसाचा पासपोर्ट १० वर्षं चालतो. नंतर पोलीस पडताळणी होते.

आपल्या बायांचं घोडं अडतं ते नावावर. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. आधी सगळीकडे एक नाव करून घ्या. तिकीट आणि विमाही पासपोर्टवरच्या नावानेच, अगदी अक्षर न् अक्षर तसाच.

दहावी झाली नसेल तरी पासपोर्ट मिळतो. त्यावर परदेशी नोकरीसाठी तपासणी लागते असा शिक्का येऊ शकतो. तो आखाती आणि इतर काही ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे.

३. तिकीट: व्हिसाच्या आधी पक्कं नको

युरोपातल्या शेंगेन देशांचं उदाहरण घेऊ. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. १५ दिवसांहून कमी उरले तर उशीर झाला समजा. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ दिवसही लागतात. मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. तुम्ही परत येणार हे त्यांना पटावं लागतं. बँकेचं पासबुक, सातबारा, कुटुंबाचे कागद आणि गटाच्या सदस्यत्वाचं पत्र जोडा.

व्हिसा येईपर्यंत फक्त रद्द करता येईल असं आरक्षण ठेवा. स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. गेले की गेले. वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढे पोचवायची जबाबदारी विमान कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटं असतील तर तो खर्च आपल्या डोक्यावर.

परतीचं तिकीट आणि पासपोर्ट कायम स्वतःजवळ ठेवा. मध्य प्रदेशचे मोठे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम २००१ साली जपानमध्ये चित्रं काढायला गेले होते. मुक्काम लांबला, आणि तिथेच त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांच्या मनात काय होतं, ते आपण सांगू शकत नाही. पण लांब, एकटं, भाषा न येणाऱ्या जागी माणूस किती एकटा पडतो, हे विसरू नका. मुक्कामाची शेवटची तारीख करारात लिहून घ्या, आणि जमलं तर दोघींनी मिळून जा.

४. राहणं

जागेचा पूर्ण पत्ता आणि आरक्षणाचं पत्र व्हिसालाही लागतं. खोलीत कोण कोण, दाराला आतून कडी आहे का, प्रदर्शनाची जागा किती लांब, रात्री परत कसं यायचं, स्वयंपाकाची सोय आहे का, हे विचारायला लाजू नका. पत्ता तिथल्या भाषेत कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाइल बंद पडला तर तोच कागद टॅक्सीवाल्याला दाखवायचा.

५. विमा दोन प्रकारचा

पहिला तुमचा. शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतोच. त्यात दवाखाना, आजारी माणसाला परत आणणं आणि वाईट काही झालं तर देह घरी आणणं हे धरलेलं असतं. बीपी, शुगर असेल तर अर्जात खरं लिहा. लपवलं तर नेमका तोच खर्च नाकारतात. व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळतो का, तेही विचारा. विमा कंपनीचा मदतीचा नंबर कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवा.

दुसरा चित्रांचा. प्रवास विम्यात बॅग हरवण्याचे थोडे पैसे मिळतात. चित्राची किंमत बहुधा त्यात धरत नाहीत. चित्र घरून निघाल्यापासून परत घरी येईपर्यंतचा वेगळा विमा आयोजकाने काढावा, असं करारात घाला. प्रत्येक चित्राचा फोटो, माप आणि किंमत यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या.

६. चित्रं नेताना

शेणाने सारवलेलं कापड नेण्याआधी त्या देशाचे नियम विचारा. अमेरिकेच्या विमानतळावर २०२१ साली भारतातून आलेल्या बॅगेतल्या शेणी सापडल्या आणि त्या नष्ट केल्या गेल्या; त्यांना जनावरांच्या लाळ्या-खुरकुताची भीती असते. शंका असेल तर फक्त गेरूच्या रंगाचं कापड न्या. विकायची चित्रं आणि परत आणायची चित्रं यांचे सीमाशुल्काचे कागद वेगळे असतात. परत आणायच्या मालासाठी 'एटीए कार्नेट' नावाचा कागद लागू शकतो. आपल्याकडे तो फिक्की ही संस्था देते आणि त्याला हमीची रक्कम लागते. हे काम आयोजकाकडे सोपवा.

७. निघायच्या दिवशी

तिकिटावर १२ तारीख, रात्री १:३० असेल, तर ११ तारखेच्या संध्याकाळीच घरून निघायचं. यात भलेभले चुकतात. विमानतळावर ३ तास आधी पोचा. आता नवी मुंबईतही विमानतळ झाला आहे, म्हणून कुठला ते तिकिटावर नीट वाचा. मुरबाड-शहापूरहून येणाऱ्यांनी रात्रीच्या लोकलच्या भरवशावर राहू नये. कल्याणहून गाडी आधीच सांगून ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा: कोणाकोणाकडे पासपोर्ट आहे ते विचारा, आणि ज्यांची नावं कागदोपत्री जुळत नाहीत त्यांची यादी करा. बोलावणं उद्या येईल नाहीतर पाच वर्षांनी येईल. ते येईल तेव्हा आपल्या ताईचे कागद तयार असले पाहिजेत.