करडई : मराठवाड्याचें गोडें तेल

शहरांतील सुखवस्तु घरांत हल्लीं ऑलिव्हच्या तेलाची बाटली दिसूं लागली आहे. स्पेन, इटली, ग्रीस या देशांतील खेड्यांत आजोबानें हें झाड लावावें आणि नातवानें त्याच्या फळांचें तेल गाळावें, अशी जुनी रीत आहे. लातूर-नांदेडकडे तें झाड फळणें कठीण. कारण फुलावर येण्यासाठीं त्याला जी लांबलेली थंडी लागते, ती आमच्या हिवाळ्यांत मिळत नाहीं. तथापि मांजरा-गोदावरीकांठचीं घरें तेलावांचून कधीं राहिलीं नाहींत. त्यांचें तेल कंबरभर उंचीच्या एका कांटेरी रोपावर पिकत असे. तें रोप म्हणजे करडई. आमच्याकडे तिला करडी म्हणतात.

संस्कृतांत हिचें नांव कुसुंभ. आपण ज्याला कुसुंबी रंग म्हणतों, तो हिच्या पाकळ्यांचा. पाकळ्या थंड पाण्यांत धुतल्या म्हणजे पिंवळा रंग निघून जातो, आणि मग खाराच्या पाण्यांत लाल रंग उतरतो. प्राचीन इजिप्तमध्यें याच रंगानें वस्त्रें रंगवीत. एकोणिसाव्या शतकांत कृत्रिम रंग आले आणि हा धंदा मागें पडला. करडई उरली ती तेलापुरती.

सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस ओसरतांना, काळ्या जमिनींत तिची पेरणी होते. पीक सुमारें चार-साडेचार महिन्यांचें. तिचें सोटमूळ मनुष्याच्या उंचीहूनहि खोल जाऊं शकतें, आणि ज्वारीच्या मुळांना न पोंचणारी ओल शोषून घेतें. म्हणून पावसानंतर एकहि पाणी न देतां ती उभी राहते. कोंवळेपणीं तिला कांटे नसतात. विरळणींत उपटलेल्या रोपांच्या पानांची भाजी आणि ज्वारीची भाकरी हें आमच्याकडील हिवाळ्याचें जेवण होय. पुढें कांटे आले म्हणजे तीच करडई शेताची राखण करते. ज्वारीच्या कडेनें तिच्या ओळी पेरल्या कीं गुरें आंत तोंड घालीत नाहींत. कुंपणाचा खर्च नाहीं, शिवाय कुंपणालाच तेल!

परंतु कांटा धन्यालाहि टोंचतोच. माझ्या लहानपणीं फेब्रुवारी-मार्चमध्यें काढणी निघे ती पहांटे, दंवानें कांटे मऊ झालेले असतांना. हाताला फडकीं गुंडाळून माणसें कामाला लागत, आणि ऊन चढतांच थांबत. मग खळ्यावर बोंडें बडवून पांढरें शुभ्र बीं निघे. तें घेऊन आई मला घाण्यावर पाठवी. डोळ्यांना झापडें बांधलेला बैल फिरे, लाट करकरे, आणि कोंवळ्या उन्हासारखें तेल भांड्यांत उतरे. बियांत तेल असतें सुमारें तीस टक्के. घाण्यांत तें सारें निघत नाहीं, पण पेंडींत राहिलेलें गुरांच्या पोटीं जातें.

तेल थोडें-थोडें कां काढीत, हें तेव्हां मला कळत नसे. साध्या करडईच्या तेलांत सुमारें तीन-चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. ऑलिव्हमध्यें मुख्यतः ओलेइक आम्ल असतें, तें अधिक टिकतें. करडीचें तेल लवकर खंवट होतें, आणि तळणासाठीं तेंच तेल पुनःपुन्हां तापविणेंहि बरें नव्हे. आमच्या अशिक्षित आज्यांनीं हें जिभेनेंच ओळखलें होतें.

आज तीं शेतें बहुतांशीं गेलीं आहेत. १९८०-९० च्या सुमारास देशांत करडई कित्येक लाख हेक्टरांवर होती. २०२० च्या सुमारास ती एक लाखाच्याहि खालीं आली. खरिपांत सोयाबीन आलें, त्यामागून रब्बींत हरभरा आला. हरभऱ्याला कांटा नाहीं, गिऱ्हाईक निश्चित आहे. मावा पडला तर करडईचें पीक बुडतें, आणि पहांटेच्या दंवांत हात घालणारी माणसें आतां मिळत नाहींत. शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार निदान मला, पेन्शन घेणाऱ्या मास्तराला, नाहीं.

तरीहि वाट अगदींच बंद झालेली नाहीं. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें 'नारी-६' व परभणीच्या कृषि विद्यापीठानें 'पीबीएनएस-४०' हे बिनकांट्याचे वाण काढले आहेत. कांटेरी करडई यंत्रानेंहि काढतां येते. म्हणजे कांट्याची अडचण सुटण्यासारखी आहे; खरी अडचण आहे ती गिऱ्हाइकाची.

२०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा मुलुखांत जमिनीच्या पोटांतील ओलीवर तेल पिकविणारें झुडूप हातचें घालविणें परवडेल काय? याचें उत्तर शेतांतच ठरेल असें नव्हे. तें बरेंचसें आपल्या स्वयंपाकघरांत ठरणार आहे. ऑलिव्हची बाटली खुशाल ठेवावी. परंतु तिच्या शेजारीं महिन्याला पुरेल एवढें घाण्याचें करडीचें तेल ठेवून पाहावें. मागणी आली म्हणजे पेरणी आपोआप होते, हें शेतकऱ्याला शिकवावें लागत नाहीं.