बांधावरचे बारीक डोळे

जुन्नर तालुक्यात रात्रीच्या विजेवर दारे धरायला निघालेल्या माणसाची बॅटरी पाण्याकडे कमी आणि बिबट्याच्या धास्तीने उसाकडेच जास्त वळते. नारायणगावच्या शिवारात तीच बॅटरी कपाळाजवळ धरून बांधावरच्या गवतात पाहा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके लकाकताना दिसले, तर ते बहुधा लांडगा कोळ्याचे डोळे. उजेड परतवणारा थर बिबट्याच्या डोळ्यांत असतो, तसाच याच्याही.

या कुळातले बहुतेक कोळी जाळे विणत नाहीत. धावून भक्ष्य पकडतात. ‘हिप्पासा’ ही प्रजाती त्याला अपवाद. फ्रेंच अभ्यासक युजीन सिमाँ यांनी १८८५ मध्ये तिला हे नाव दिले. थंडीत दव पडले, की तिची जाळी गवतात उठून दिसतात. वर आडवी पातळ चादर आणि तिच्या एका कडेला नरसाळ्यासारखी आत गेलेली नळी. नळीचे टोक ढेकळांच्या फटीत, भेगेत किंवा बिळात. ही चादर चिकट नसते. कोळी नळीच्या तोंडाशी पुढचे पाय जाळ्यावर टेकून बसतो. तुडतुडा पडला, की धागे थरथरतात. कोळी झेपावतो, चावा घेतो आणि भक्ष्य आत ओढून नेतो. मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून वागवते आणि पिल्ले बाहेर पडली, की त्यांना पाठीवर घेते.

आपल्या काळ्या रानात भेगा आयत्याच मिळतात. युरोपातल्या किनारी वाळूत राहणाऱ्या ‘आर्क्टोसा पेरिटा’ या भाऊबंदाला ती सोय नाही. वाळू ढासळते, म्हणून तो बिळाला आतून रेशमाचे अस्तर लावतो.

टोमॅटो आणि द्राक्षांच्या या पट्ट्यात कोळ्याला सरसकट मित्रकीटक म्हणायची घाई नको. मुळात तो कीटकच नव्हे, शिवाय मधमाशी सापडली तर तीही खातो. फळात शिरलेल्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही, त्यामुळे फवारणी त्याच्या भरवशावर सोडता येणार नाही. पण तुडतुडे, नाकतोडे, पतंग तो फुकटात टिपतो, आणि पिकाला त्याचा काडीचाही त्रास नाही.

रोटाव्हेटर फिरला, की रानातली बिळे मोडतात. मग आसरा उरतो तो बांधाचा. तोही पेटवला किंवा तणनाशकाने साफ केला, तर लगतच्या पिकात कोळी पुन्हा यायचे कुठून? सगळे बांध एकाच वेळी साफ न करता एखाद्या बांधावरचे गवत ठेवायला पैसे लागत नाहीत.