वेदीच्या अलीकडचे सेवक : लेवी

प्राचीन धर्मांचा अभ्यास करताना आपले लक्ष बहुधा पुरोहिताकडेच जाते. बळी कोण अर्पण करतो, आशीर्वाद कोण उच्चारतो, एवढे कळले की आपली जिज्ञासा शमते. ज्यांनी ओझी वाहिली, दारे राखली, रात्री पहारा केला, त्यांची दखल सहसा कोणी घेत नाही. प्राचीन इस्राएली लोकांच्या धर्मग्रंथाने मात्र ती घेतली आहे, आणि तीही नावनिशीवार. या सेवकांना लेवी म्हणत. त्यांच्याविषयीच मला येथे थोडे लिहावयाचे आहे.

लेवी हा याकोबाचा तिसरा पुत्र. मोशे व अहरोन हे भाऊ त्याच्याच वंशातले. वेदीवर बळी अर्पण करण्याचा अधिकार पुढे अहरोनाच्या वंशजांपुरता राखला गेला, तेच याजक. वंशातील बाकीचे सारे त्यांचे साहाय्यक ठरले. थोडक्यात, प्रत्येक याजक लेवी, पण प्रत्येक लेवी याजक नव्हे. या नेमणुकीमागे एक कल्पना होती. मिसर देशातून सुटका होताना इस्राएलांचे ज्येष्ठ पुत्र वाचले, म्हणून ते देवाचे झाले. त्यांच्या बदली देवाने लेवी घेतले. 'गणना' या पुस्तकात याचा हिशेबच दिला आहे. लेवी २२,००० आणि ज्येष्ठ पुत्र २२,२७३. मग वरच्या २७३ जणांचे काय? त्यांच्यासाठी प्रत्येकी पाच शेकेल चांदी भरावी! श्रद्धेच्या व्यवहारात इतका चोख जमाखर्च मला तरी अन्यत्र आढळलेला नाही.

अरण्यातील भटकंतीत देवाचे मंदिरही भटकेच होते. या निवासमंडपाची वाहतूक लेवींच्या तीन कुळांत वाटलेली होती. गेर्षोनी कुळाकडे पडदे व आच्छादने. त्यांना दोन गाड्या व चार बैल. मरारी कुळाकडे फळ्या, खांब, उथळ्या असा जड भाग. त्यांना चार गाड्या व आठ बैल. कहाथी कुळाला मात्र एकही गाडी नाही. कराराचा कोश, सोन्याचा दीपवृक्ष, वेद्या या परमपवित्र वस्तू त्यांनी दांड्यांच्या आधारे खांद्यावरच वाहावयाच्या. आणि त्यातही अट अशी की, याजकांनी त्या आधी झाकून द्याव्यात. कहाथींनी त्यांना हात लावू नये, त्यांच्याकडे पाहूही नये, कारण त्याची शिक्षा मृत्यू. जन्मभर जे खांद्यावर वाहावयाचे, त्याचे दर्शन कधीच नाही. मला या साऱ्या व्यवस्थेत हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते.

तेव्हाही ती कोणाला तरी खुपली असावी. याजकांविरुद्ध बंड करून उठलेला कोरह हा याच कहाथी कुळातला होता. सारा समाजच पवित्र असताना अहरोनाचेच घराणे वरचढ का, असा त्याचा सवाल होता. त्याला धरणीने गिळले, असे ग्रंथ सांगतो. पण त्याचे पुत्र वाचले, आणि गंमत अशी की स्तोत्रसंहितेतील काही स्तोत्रांच्या मथळ्यांवर कोरहपुत्रांचेच नाव आहे.

यरुशलेमेत पक्के मंदिर उभे राहिले आणि ओझी संपली. मग लेवी झाले द्वारपाल, भांडारी आणि मुख्य म्हणजे गायक. आसाफ, हेमान व यदूथून ही गायकांची तीन घराणी. वीणा, सारंगी, झांजा ही त्यांची वाद्ये; कर्णे मात्र याजकांनीच फुंकावयाचे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी ग्रंथात दुसऱ्या मंदिरातील परिपाठ वर्णिला आहे. आठवड्याच्या प्रत्येक वारी वेगळे स्तोत्र. द्राक्षारस वेदीवर ओतला जात असता गायन सुरू होई. चौथऱ्यावर बारांपेक्षा कमी लेवी चालत नसत. रात्री २४ ठिकाणी पहारा असे, त्यांपैकी २१ जागा लेवींच्या. मशाली घेऊन अधिकारी फेरी घाली. पहारेकरी झोपलेला सापडला तर त्याला काठीचा प्रसाद मिळे, वस्त्र पेटवून देण्याचीही मुभा होती!

उपजीविकेचे काय? लेवींना इतर वंशांसारखा जमिनीचा वाटा नव्हता. राहावयास ४८ नगरे आणि लोकांनी दिलेला दशमांश. त्यातूनही दहावा हिस्सा याजकांना द्यावयाचा. लोकांचे हात आखडले की लेवी उपाशी. इ. स. पू. पाचव्या शतकात नहेम्या यरुशलेमेस परतला तेव्हा त्याला दिसले की वाटा न मिळाल्यामुळे लेवी व गायक मंदिर सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले आहेत. (शेते होती म्हणावयाची!) त्याने अधिकाऱ्यांना धारेवर धरले आणि लेवींना परत आणले. त्याआधी, बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या यादीत याजक ४,२८९ आहेत. लेवी अवघे ७४, गायक व द्वारपाल वेगळे मोजूनही साडेतीनशेच्या आत. दुसऱ्याच्या हाताखाली राबण्यासाठी एवढा प्रवास करावयाची हौस फारशी कोणाला नसावी.

मंदिराच्या अखेरच्या वर्षांत गायक लेवींनी अग्रिप्पा राजाकडून याजकांसारखी तागाची वस्त्रे नेसण्याची परवानगी मिळविली. इतिहासकार जोसेफस स्वतः याजककुळातला. त्याला हे मुळीच रुचले नाही. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले. वेदी गेली, बळी थांबले.

लेवींचा मान मात्र नावापुरता का होईना, टिकून आहे. आजही सभास्थानात धर्मग्रंथाच्या वाचनासाठी प्रथम याजकवंशीयाला बोलावतात, त्याच्यामागून लेवीला. आणि याजकवंशीय आशीर्वादासाठी उभे राहण्यापूर्वी त्यांच्या हातांवर पाणी घालतो तो लेवीच.