पंपापुरती घागर

नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको, की विहिरीवरचा पंप कोरडा असला तर पाणी ओढत नाही. फूटव्हॉल्व्ह गळका असला म्हणजे पंपात हवा शिरते. मग वरून घागरभर पाणी ओतावे, तेव्हा धार लागते. ती घागर कोणी आधीच रिकामी केली असेल, तर विहीर तुडुंब असून पीक तहानलेले!

संगणकातही असेच घडते. आपण विम्याचा अर्ज भरतो किंवा गुरुजी परीक्षेचे गुण भरतात. तो मजकूर प्रथम मेमरीत राहतो व सवडीने डिस्कवर, म्हणजे कायमच्या कोठारात, उतरतो. मेमरी भरत आली की ऑपरेटिंग सिस्टिम, हा संगणकाचा कारभारी, म्हणतो, "राहिलेले डिस्कवर उतरवा, जागा मोकळी होईल." हे काम ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामचे. आता लिहिण्यासाठी ड्रायव्हरनेच मेमरी मागितली तर? कारभारी म्हणणार, थांब, आधी जागा होऊ दे. आणि जागा तर ड्रायव्हरने लिहिल्यावरच होणार! दोघेही खोळंबतात, संगणक थिजतो. शेवटी तो बंद करावा लागतो आणि न उतरलेले अर्ज जातात. अर्थात, थिजलेल्या प्रत्येक संगणकाला हाच रोग असतो असे नव्हे.

१९९१ साली सुरू झालेल्या लिनक्समध्ये यावर उपाय आहेत. तिथे ड्रायव्हर मेमरी मागतानाच बजावू शकतो, की माझ्यासाठी डिस्कवर लिहिणे सुरू करू नका. पण एवढ्याने मेमरी मिळेलच असे नाही. म्हणून दुसरा उपाय मेमपूलचा, म्हणजे राखीव घागरीचा. ही मेमरी आधीच बाजूला काढलेली असते. एक लेखन पुरे झाले की तिचा वाटा घागरीत परत येतो आणि पुढच्याचे काम चालते. मात्र एकाच कामाने त्याच घागरीतून दोन वाटे मागू नयेत. दोन कामांनी एकेक उचलला आणि दोघेही दुसऱ्यासाठी अडून बसले, की पुन्हा तीच कोंडी.

डिस्क दूरच्या संगणकावर असली तर काम आणखी बिकट. पाठवायला मेमरी लागते, तशी पोच घ्यायलाही लागते. मेमरीतला मजकूर अशा दूरच्या डिस्कवर सुरक्षितपणे उतरवण्याची सोय लिनक्समध्ये २०१२ साली आली.

हा दोष चाचणीत सहसा सापडत नाही, कारण तेव्हा मेमरी मुबलक असते. तो उघडा पडतो तो अर्जांच्या शेवटच्या दिवशी, दाराशी रांग असताना.