चार लाख चाललेली व्हॅन कॅम्परसाठी घ्यायची का? आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन



कॅम्पर व्हॅनचा विषय निघाला की आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, जुनी ट्रॅव्हलर भेटून राहिली आहे. चार लाख चालली आहे. घेऊ का?"

कल्पना वाईट नाही. चिखलदरा, मेळघाट, लोणार, शेगाव ही सगळी ठिकाणं आपल्या टप्प्यात आहेत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. नवी गाडी घेऊन कॅम्पर बांधायचा तर खर्च आवाक्याबाहेर जातो, म्हणून जुन्या गाडीकडे वळणं साहजिक आहे. पण इथं घरची बचत, बचत गटाचं कर्ज किंवा बाबांनी संत्र्याच्या पैशातून बाजूला ठेवलेली रक्कम लागते. ती एका सडक्या पत्र्यात गेली तर धंदा सुरू व्हायच्या आधीच बसतो.

म्हणून आजचं सूत्र डोक्यात पक्कं करा. इंजिन पुन्हा बांधता येतं, क्लच नवा टाकता येतो. पण गंजलेलं शरीर आणि अडकलेले कागद सहज दुरुस्त होत नाहीत. बहुतेक लोक आधी बोनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि खूश होऊन बयाणा देतात. आपण उलट जायचं. आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन, आणि शेवटी घाट.

मीटर काय सांगतं आणि काय लपवतं

अमरावती ते अकोला जाऊन-येऊन साधारण २०० किलोमीटर होतात. वर्षाला ३०० दिवस ही फेरी मारणारी गाडी ६० हजार किलोमीटर चालते. आठ वर्षांत ४ लाख ८० हजार. म्हणजे प्रवासी गाडीला चार लाख हा आकडा नवलाचा नाही. उलट आठ वर्षं सवारी मारलेल्या गाडीचं मीटर १ लाख २० हजार दाखवत असेल, तर ती दिवसाला सरासरी ५०च किलोमीटर चालली असा अर्थ होतो. इथं थांबून विचारायचं. विकणारा म्हणेल, "तुमाले कायले खोटं सांगू भाऊ, घरचीच गाडी आहे!" त्याच्याशी वाद नका घालू. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलं, स्टेअरिंग किती गुळगुळीत झालं, ड्रायव्हरची सीट किती बसली, ते पाहा. सर्व्हिसची बिलं आणि जुनी फिटनेस प्रमाणपत्रं मागा.

किलोमीटरपेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे गाडीनं काम काय केलं? हायवेवर एका चालीनं चाललेली चार लाखाची गाडी, गल्लोगल्ली थांबत फिरलेल्या दीड लाखाच्या स्कूल व्हॅनपेक्षा इंजिनानं चांगली असू शकते. स्कूल व्हॅनचे क्लच, स्टार्टर आणि दरवाजे आधी जातात. सवारी गाडीचे पाटे आणि शॉकअप बसलेले असतात. खताची पोती वाहिलेली गाडी असेल तर जास्त सावध राहा. सांडलेलं खत ओलावा धरतं आणि फ्लोअरचा पत्रा आतून खातं.

पहिली पायरी: कागद

हे काम गाडी पाहायला जाण्याआधी घरी बसून होतं. नंबर मागवा आणि एमपरिवहन ॲपवर तपासा. एमएच २७ अमरावती, एमएच ३० अकोला, एमएच २८ बुलडाणा, एमएच २९ यवतमाळ, एमएच ३७ वाशीम. बाहेरच्या जिल्ह्याचा किंवा राज्याचा नंबर असेल तर एनओसीचं काम वाढतं, हे धरून चाला.

मग एकेक गोष्ट पाहा.

आरसीवर नाव कुणाचं आहे? आपल्याकडे गाडी तीन हात फिरते आणि नाव पहिल्याचंच राहतं. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर नोंदीतल्या मालकाची सही लागते. तो गावात नसेल किंवा हयात नसेल तर तुमचे पैसे गेले आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर राहिली, अशी गत होते. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या मालकावर येते. त्यामुळे नाव लवकर बदलणं दोन्ही बाजूंच्या हिताचं आहे.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का? असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

प्लेट पिवळी की पांढरी? पिवळ्या प्लेटच्या गाडीला फिटनेस, परमिट आणि कर तिन्ही पाहावे लागतात. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर फिटनेस दरवर्षी काढावं लागतं. पांढऱ्या प्लेटच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. चारचाकीच्या पुढच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि वर पर्यावरण कर असतो. थकलेला कर आणि ई-चलान कुणी भरायचं, ते व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: या गाडीचा कॅम्पर करायला परवानगी मिळेल का? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल आपल्या मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठामपणे सांगितलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. सीट काढणं, छत कापणं, खिडकी पाडणं यांतलं काहीही करण्याआधी आरटीओत अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. गाडी स्वतःच्या कुटुंबासाठी हवी की भाड्यानं द्यायची, हेही तिथंच सांगा, कारण भाड्याच्या धंद्याचे नियम आणि विमा वेगळे असतात. फर्निचरवाल्यानं "काही होत नाही भाऊ" म्हटलं, तरी अपघात झाल्यावर विमा कंपनी त्याला विचारणार नाही.

दुसरी पायरी: पत्रा

सोबत चुंबक, टॉर्च, पेचकस आणि जुनी चादर न्या. चादर अंथरून गाडीखाली झोपा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

दाराचा खालचा काठ, पायरी, चाकांवरची कमान, छताची पन्हाळ आणि फ्लोअर या पाच जागी चुंबक लावा. जिथं धरत नाही तिथं रंगाखाली पुट्टी आहे. फुगलेल्या रंगावर मालकाला विचारून पेचकस दाबा. आत गेला तर पत्रा गेलेला आहे. पाट्यांचे ब्रॅकेट जिथं चेसिसला बसतात तिथं भेगा किंवा नवी वेल्डिंग दिसते का पाहा. चेसिसवर ताजा काळा रंग मारला असेल तर का मारला, ते विचारा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी ताडून पाहा.

मग पाइपनं दहा मिनिटं छतावर पाणी मारा आणि आत बसा. साध्या गाडीत गळती म्हणजे ओली सीट. कॅम्परमध्ये गळती म्हणजे इन्सुलेशन, प्लायवूड आणि वायरिंगचा नाश, आणि तोही भिंतीमागे, डोळ्यांआड. पॅनल ठोकल्यावर गंज काढायचा तर केलेलं काम उचकटावं लागतं. पत्रा इंजिनाच्या आधी पाहायचा तो यासाठी.

तिसरी पायरी: इंजिन

सकाळी जा आणि "गाडी सुरू करून ठेवू नका" असं आदल्या दिवशी सांगा. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन किती सेल्फमध्ये सुरू होतं, ते मोजा.

धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर इंजेक्टर, पंप किंवा हवेचा मार्ग पाहावा लागेल. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढा. भकभक धूर आला, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंग-पिस्टनचा खर्च समोर आहे. जुन्या मेकॅनिकल पंपाचं काम बऱ्याच गॅरेजमध्ये होतं. कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टर महाग, म्हणून तिथं स्कॅनर लावूनच पाहा. मिस्त्री तुमचा असावा, विकणाऱ्याचा नाही, आणि त्याला त्याची फी द्या.

चौथी पायरी: घाट

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला हायवेवर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता छान आहे, पण नेमक्या अशा सपाट रस्त्यावर ट्रायल घेतली की कोणतीही गाडी चांगलीच वाटते. निम्मी ट्रायल खराब रस्त्यावर घ्या. व्यवहार जमण्यासारखा वाटला तर डिझेल तुमचं टाकून परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात न्या.

चढावर काटा तापतो का? इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो का? उतारावर गिअर निसटतो का, ब्रेक एका बाजूला ओढतो का? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. थंडीतल्या ट्रायलमध्ये काठावर पास झालेला रेडिएटर उन्हाळ्यात, वर फर्निचर लादल्यावर, नापास होणार.

वजन आणि पैसा

गाडी रिकामी करून वजनकाट्यावर न्या आणि आरसीवरच्या एकूण वजनातून ते वजा करा. उरतं तेवढंच तुमचं. १०० लीटर पाणी म्हणजे १०० किलो. १८ एमएमची आठ बाय चारची एक प्लायवूड शीट ३० किलोच्या वर जाते. १५० एएचची साधी बॅटरी ५० किलोच्या आसपास. चार माणसं आणि सामान वेगळं. हा हिशोब सुताराला बोलवायच्या आधी करायचा.

पैशाचं सोपं गणित: समजा हातात ६ लाख आहेत. ३ लाखांच्या वर गाडी नको. २ लाख कॅम्परचं काम. १ लाख राखीव, त्याला हात लावायचा नाही, कारण जास्त चाललेल्या गाडीत पहिल्या वर्षी काहीतरी निघतंच. कर्जाचा हप्ता असेल तर ऑफ सीझनचे चार महिने तो कुठून भरणार, हे आजच लिहा.

घासाघीस करताना गाडीला नावं ठेवू नका. मिस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज लिहून घ्या आणि कागद समोर ठेवा: "दादा, एवढं काम आहे, तेवढं कमी करा." आकड्यासमोर माणूस ऐकतो.

आता निर्णय कसा घ्यायचा? इंजिनात दोष निघाला तर भाव करा. पत्र्यात थोडा दोष असेल तर डेंटरला दाखवून विचार करा. चेसिस कुजली असेल किंवा कागद जुळत नसतील, तर भाव करत बसू नका, हात जोडून निघा. "आज बयाणा नाही दिला तर गाडी जाईल" म्हणतात, तर जाऊ द्या. चार लाख चाललेल्या गाड्या आपल्या वऱ्हाडात भरपूर आहेत राजेहो, तुमचे सहा लाख मात्र एकदाच आहेत.