विश्लेषण : धोका बाहेरच्या भाडेकरूचा की समोरच्या फ्लॅटचा? ‘सनफ्लॉवर’ सोसायटी हुडकेश्वरला काय सांगते?

म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वरकडे निघालं की गेटवर, विजेच्या खांबावर, किराणा दुकानाच्या शटरवर पाट्या दिसतात. ‘किरायाने देणे आहे’. खाली बारीक अक्षरात अट असते, ‘फक्त फॅमिली’. फोन लावला की प्रश्न सुरू होतात. गाव कोणतं, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, लग्न झालंय का, घरी कोण कोण येणार. हे सगळं सुरक्षेसाठी विचारतो, असं उत्तर मिळतं.

या प्रश्नांमुळे सोसायटी खरोखर सुरक्षित होते का? ‘झी फाइव्ह’वरची ‘सनफ्लॉवर’ ही मालिका मुंबईतल्या एका सोसायटीच्या निमित्ताने नेमकं हेच विचारते. तिकडे अमेरिकेत ‘युवर फ्रेंड्स अँड नेबर्स’ ही मालिका श्रीमंत वस्तीतल्या चोऱ्यांमधून त्याच ठिकाणी पोहोचते. या मालिका काय दाखवतात, आणि भाडेकरू ठेवताना सोसायटीला कायद्याने काय विचारता येतं, ते समजून घेऊ. (मालिकांचा शेवट इथे सांगितलेला नाही.)

‘सनफ्लॉवर’ची गोष्ट काय आहे?

मालिकेचा आठ भागांचा पहिला सीझन जून २०२१ मध्ये आला. ‘सनफ्लॉवर’ हे मुंबईतल्या एका सोसायटीचं नाव. गेटवर वॉचमन, खाली पार्किंग, वर नीटनेटके फ्लॅट. एक दिवस राज कपूर नावाचा रहिवासी त्याच्या घरात मृत सापडतो आणि पोलीस येतात. दोन पोलीस अधिकाऱ्यांच्या भूमिकेत रणवीर शौरी आणि आपले ‘वळू’, ‘देऊळ’वाले गिरीश कुलकर्णी आहेत.

संशय जातो तो सोनू सिंगवर. सुनील ग्रोव्हरने साकारलेला हा सोनू सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत सेल्सचं काम करतो. एकटा राहतो, स्वच्छतेचं वेड आहे आणि बोलायला गेला की चुकीच्या वेळी चुकीचं बोलतो. त्याचा एवढाच ‘दोष’, तो इतरांसारखा नाही.

प्रेक्षकाला मात्र मालिका सुरुवातीलाच दुसरं दार दाखवते. त्या दाराआड प्राध्यापक आहुजा आणि त्यांची पत्नी राहतात. शिकलेलं, नोकरदार, चारचौघांत मान असलेलं जोडपं. ‘फक्त फॅमिली’च्या अटीत शंभर टक्के बसणारं.

मग मालिकेतला खरा मुद्दा कोणता?

मालिकेत एकाच वेळी दोन चौकशा चालतात. एक पोलिसांची, खुनाची. दुसरी सोसायटीच्या कमिटीची, नव्या भाडेकरूंची.

या कमिटीत दिलीप अय्यर (आशिष विद्यार्थी) यांचा शब्द चालतो आणि त्यांचा डोळा अध्यक्षपदावर आहे. सोसायटीची ‘संस्कृती’ जपायचा विडा त्यांनी उचललेला आहे. घर मागायला आलेल्यांची मुलाखत घेतली जाते. कुणाचा धर्म आड येतो, कुणाचा घटस्फोट, कुणाचा पेशा, तर कुणाची लैंगिक ओळख. एकेकाला नकार मिळतो.

इमारतीत खून झालेला आहे आणि कमिटीचा वेळ भावी भाडेकरू काय खातो, कुणाबरोबर राहतो हे तपासण्यात जातोय. दाराबाहेरच्या माणसाला शंभर प्रश्न आणि दाराआतल्याला एकही नाही. हसवता हसवता मालिका हा विरोधाभास समोर ठेवते.

मार्च २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये अदा शर्माने साकारलेली रोझी मेहता मृताच्या फ्लॅटमध्ये राहायला येते. तिथेही सोसायटीला आधी खटकतं ते तिचं राहणीमान. खुनाशी तिचा संबंध आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा.

अमेरिकेतल्या श्रीमंत वस्तीत काय घडतं?

अ‍ॅपल टीव्हीवर ११ एप्रिल २०२५ रोजी ‘युवर फ्रेंड्स अँड नेबर्स’ सुरू झाली. तिचा नायक अँड्र्यू कूपर ऊर्फ ‘कूप’ (जॉन हॅम) हा बड्या गुंतवणूक कंपनीतला अधिकारी. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टमाँट व्हिलेज या काल्पनिक उपनगरात त्याची ऊठबस. बंगले, क्लब, महागड्या गाड्या, वीकेंडच्या पार्ट्या. घटस्फोट झालेला आहे, आणि पूर्वीच्या बायकोचं नातं आता त्याच्याच मित्राशी आहे.

नोकरी जाते. खर्च मात्र थांबत नाहीत आणि थाट सोडवत नाही. मग कूप शेजाऱ्यांच्याच घरात शिरून घड्याळं, दागिने, किमती वस्तू चोरू लागतो. त्याला कुलूप तोडावं लागत नाही की भिंत चढावी लागत नाही. कुणाच्या घरी कोण कधी नसतं आणि कपाटात काय असतं, हे त्याला पार्ट्यांमधूनच माहीत आहे. त्याच्यावर कुणी संशयही घेत नाही, कारण तो ‘आपल्यातला’ आहे.

अनेक घरांत वस्तू इतक्या आहेत की एखादी गेल्याचं लक्षातही येत नाही. शिवाय त्या घरांमध्ये कूपच्या हाती शेजाऱ्यांची लपवलेली गुपितंही लागतात. ज्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांसोबत तो रोज बसतो, त्यांचंही आतून काहीतरी पोखरलेलं आहे. मग एका घरात तो शुद्धीवर येतो तेव्हा शेजारी एक मृतदेह पडलेला असतो. मालिका सुरूच होते ती या प्रसंगापासून.

हे मराठी प्रेक्षकाला नवं आहे का?

नाही. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात सभ्य म्हणवणारी माणसं खेळ म्हणून खटला चालवतात आणि एका एकट्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. १९७० च्या ‘गिधाडे’मध्ये पैशासाठी एक कुटुंब एकमेकांच्या जिवावर उठतं. पांढरपेशा घरातलं ढोंग मराठी नाटकाने कधीच उघडं केलं होतं. ओटीटीने त्या घराला लिफ्ट, सीसीटीव्ही आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जोडला, इतकंच.

हुडकेश्वरचा याच्याशी काय संबंध?

हुडकेश्वर म्हणजे काही वेस्टमाँट नव्हे. दक्षिण नागपूरच्या टोकाचं हे एकेकाळचं गाव. आधी शेतं होती, मग लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, घरं उभी झाली. आता प्लॉटवरच्या घरांच्या बाजूला तीन-चार मजली फ्लॅट स्कीम आहेत. मानेवाडा, पिपळा, नरसाळा, बेसा हा सगळा पट्टा असाच वाढला. इथे कुणी गावातून येऊन घर बांधलंय, कुणी बदलीवर आलंय, कुणी शिकायला, तर कुणी हॉस्पिटलमधल्या नोकरीसाठी.

जिथे सगळेच थोडेबहुत नवे असतात, तिथे अनोळखी माणसाची भीती जास्त असते. ती गैर नाही. हयातभराची कमाई घातलेलं घर असतं. पण आडनाव आणि ताट बघून ही भीती जाते का, एवढाच प्रश्न आहे. नकार पचवून पुढची पाटी शोधणाऱ्या परगावच्या नर्ससाठी किंवा घटस्फोटित शिक्षिकेसाठी तर तो डोक्यावरच्या छताचा प्रश्न असतो.

सोसायटी भाडेकरू नाकारू शकते का?

इथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात.

घरमालकाची निवड : आपलं घर कुणाला द्यायचं हे मालक ठरवतो. समानतेचा मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारला बांधतो. खासगी मालकाने धर्म, जात किंवा वैवाहिक स्थिती पाहून घर नाकारलं तर थेट दाद मागता येईल, असा घरभाड्यापुरता वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

सोसायटीचा अधिकार : महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सदस्याला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. म्हणजे अय्यरांसारखी मुलाखत घेऊन ‘पास-नापास’ करण्याचा अधिकार कमिटीला नाही. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मनाला येईल तेवढी रक्कमही लावता येत नाही. बिनभोगवटा शुल्क हे महापालिकेचे कर वगळून, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा राज्य सरकारने २००१ मध्ये घातली.

फ्लॅट विकत घेणारा : खुलं सदस्यत्व हे सहकाराचं मूळ तत्त्व. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते. मात्र याला एक बाजू आहे. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व विशिष्ट समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. त्यामुळे नोंदणीकृत उपविधीत काय लिहिलंय, ते वाचणं महत्त्वाचं. उपविधीत नसलेला ‘आमच्याकडे चालत नाही’ हा नियम ठरत नाही.

फ्लॅट स्कीम असेल तर?

नागपुरात अनेक स्कीम सहकारी सोसायटी म्हणून नोंदलेल्या नसतात. त्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० खाली येतात. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन आणि त्यातले उपविधी लागू होतात. काही ठिकाणी तर रीतसर संघटनाच नसते. चार-पाच जण मिळून ‘नियम’ करतात आणि ते लिफ्टजवळ चिकटवतात. तुमची इमारत नेमकी कशाखाली येते, हे आधी कागदावर पाहा.

सुरक्षेसाठी खरंच काय करायला हवं?

• करार नोंदवा : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ही जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘ओळखीचे आहेत, कागद कशाला?’ हे वाक्य महागात पडतं.

• पोलिसांना कळवा : भाडेकरूची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून किंवा जवळच्या ठाण्यात देता येते. हुडकेश्वरला स्वतंत्र पोलीस ठाणं आहे. ओळखपत्र, फोटो, मूळ पत्ता एवढं पुरतं. जात आणि आहार त्यात येत नाही.

• नियम सगळ्यांना सारखा लावा : गेटवरची नोंद, पार्किंग, सीसीटीव्ही हे मालकालाही आणि भाडेकरूलाही. कमिटीच्या हिशेबालाही. बाहेरच्या दहा जणांची चौकशी करणाऱ्या इमारतीत देखभाल निधीचा हिशेब कुणीच विचारत नसेल, तर पहिली कडी तिथे घाला.

• घर बंद ठेवताना : किमती वस्तूंची बिलं आणि फोटो जपून ठेवा. गावाला जाताना ग्रुपवर जाहीर करू नका. कूपला एवढीच माहिती पुरली असती.

चोरी झाली तर संशय आधी कुणावर?

घरकामाच्या ताईंवर, वॉचमनवर, दूधवाल्यावर. हे इतकं ठरलेलं असतं की तपासाआधीच निकाल लागतो. संशय असेल तर तो पोलिसांना सांगावा. कुणाला खोलीत कोंडून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा ठरतो, मग कोंडणारा कमिटीचा अध्यक्ष का असेना.

उलट, घरफोडी ‘आपल्या’ माणसाने केली म्हणून ती सौम्य होत नाही. राहत्या घरातल्या चोरीसाठी कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत. कायद्याला फ्लॅट नंबर विचारायचा नसतो. विचारतो तो समाज. मग ‘सोसायटीचं नाव खराब होईल’ म्हणून तक्रारच होत नाही, आणि त्याच शांततेवर पुढचा गुन्हा उभा राहतो.

थोडक्यात काय?

या मालिकांचा सूर ‘श्रीमंत वाईट असतात’ असा नाही. आपण माणूस तपासत नाही, त्याच्यावरचं लेबल तपासतो, हे त्या दाखवतात. सोनू लेबलात बसत नाही म्हणून संशयित होतो. आहुजा आणि कूप बसतात म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

पुढच्या वेळी ‘किरायाने देणे आहे’ची पाटी लावाल तेव्हा खालची बारीक ओळ बदलून पाहा. ‘फक्त फॅमिली’च्या जागी ‘नोंदणीकृत करार आणि पोलिसांकडे नोंद आवश्यक’. सुरक्षेसाठी ही एक ओळ जास्त कामाची आहे. आणि हुडकेश्वरमध्ये नोकरीला आलेल्या एखाद्या एकट्या मुलीला त्यामुळे वेळेत घरही मिळेल.